पु. ल. देशपांडे उद्यानात व्हीलचेअर नेता येते का? मदत हवी आहे

येत्या रविवारी आईला (वय 78) पुण्यात सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्यायचंय. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ही बाग तिला एकदा बघायचीच आहे. गुडघ्यांमुळे ती जेमतेम पन्नास पावलं चालते, म्हणून घडीची व्हीलचेअर सोबत असेल. ढकलायला मी एकटीच. नेटवरचे फोटो पाहून झाले, पण सगळ्यांत तळं नि हिरवळ, पायवाट कुणी टिपतच नाही! दुपारी बाग बंद असते हे माहीत आहे, आम्ही सकाळीच येऊ. शेजारची मुघल बाग राहिली तरी चालेल. पूलही ओलांडायचे नाहीत. हल्ली कुणी गेलं असेल तर सांगा: गेटपासून तळ्याच्या काठापर्यंत एकही पायरी न लागता जाता येतं का?