लीन, दीन आणि आजीचं 'लाचार'

जालन्याहून प्रश्न
रविवारच्या उपासनेत बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला. 'देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा', आणि पुढच्याच ओळीत आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका म्हणून. बाहेर चपला घालताना अकरावीतल्या एका पोरानं विचारलं, "लीन म्हणजे रमलेला ना? भजनात लीन होतात तसा?" मला धड सांगता आलं नाही. शिवाय येशूच्या 'जे आत्म्याने दीन ते धन्य' मधला 'दीन' आणि हा 'लीन' एकच का?

नांदेड
पोरगं चुकलं नाही. संस्कृत 'ली' म्हणजे चिकटणं, विरून जाणं. तल्लीन, विलीन त्यातलेच. मराठीत त्याला नम्रतेचा अर्थही आला. मूळ ग्रीक शब्द मात्र सरळ 'खालचा, सखल' असा आहे, आणि त्या काळच्या ग्रीक लोकांत तो सहसा कौतुकानं वापरत नसत.
'दीन' वेगळा. ते वाक्य मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:3) येतं, तिथं ग्रीक शब्द 'प्तोखोस' आहे. त्याचा संबंध अंग चोरून दबून बसण्याशी जोडतात. कष्ट करून कसंबसं भागवणाऱ्या गरिबाला ग्रीकमध्ये 'पेनेस' म्हणत. प्तोखोस म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही, हात पसरल्याशिवाय गत नाही असा. तिथं 'गरीब' घातलं असतं तर कमी पडलं असतं.

परभणी
आमच्या शेजारच्या चाचांनी 'आत्म्याने दीन' वाचून विचारलं होतं, "रूहानी दीनदार का?" उर्दूतला दीन म्हणजे धर्म. निजामी मुलखात असं व्हायचंच.

जालना
उर्दूवरून आठवलं. माझी आजी प्रार्थनेत 'मी लाचार हाय, बापा' म्हणायची. मला लहानपणी लाज वाटायची. लाचार म्हणजे पुढारी-साहेबांपुढं गोंडा घोळणारा, असंच डोक्यात. पण अरबी 'ला' म्हणजे नाही आणि फारसी 'चारा' म्हणजे उपाय (कडब्याचा चारा निराळा, दुष्काळात तोही नसायचा). उपाय सरलेला, एवढाच अर्थ. उर्दूत आजही त्यात हुजरेगिरी नाही. आजी 72 च्या दुष्काळात दिवसभर खडी फोडायची. रेशनला लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) मिळायचा. त्याची भाकर थापताना कडेला चिरायची, तव्यावर टाकताना तुटायची. ते तुकडे ताटात ठेवून ती 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणायची. भाकर, भाकरी नव्हे. आमच्याकडं म्हणतात तसंच. मला वाटतं 'प्तोखोस' तिला आमच्यापेक्षा जास्त कळला होता.

लातूर
मग 'चिंता टाका' ऐवजी 'देवावर हवाला' का नको? हवाला म्हणजे सोपवणंच की.

जालना
शब्द चांगला, पण वापरून बिघडला. 'देवावर हवाला ठेवून बसलाय' म्हटलं की ओट्यावर पाय पसरलेला माणूस दिसतो. आजी खडी फोडत होती.

नांदेड
राहिलेलं सांगतो, कारण खरी गंमत तिथंच आहे. मराठीत 'लीन व्हा' आणि 'चिंता टाका' ही दोन वाक्यं झालीत, जणू दोन आज्ञा. ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, आणि दुसरं क्रियापद पहिल्याला जोडलेलं: 'चिंता त्याच्यावर टाकून लीन व्हा'. म्हणजे चिंता स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरणं हाही एक ताठाच म्हणायचा. मान खाली घालून गोड बोलण्याला आपण नम्रता म्हणतो, तिचा इथं काही संबंध नाही. हे 'टाकणं' क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच येतं, लूक 19:35 मध्ये. येशूला बसवायला शिष्य आपले कपडे जनावराच्या पाठीवर टाकतात, तिथं.

जालना
हे झकास. येत्या रविवारी पोराला गाढवाच्या पाठीवरचे कपडेच सांगतो.

परभणी
शिंगरू सांगा. ज्याच्यावर तोवर कोणीच बसलेलं नव्हतं, असं लूकनं मुद्दाम लिहिलंय.