इन्व्हर्टर एसीचा आतला ब्लोअर मधेच थांबतो, मेकॅनिक पीसीबी (सर्किट बोर्ड) गेला म्हणतोय. बदलू का?

सावलीच्या शोधात
नागपूर. नवतपा लागायला चार दिवस आणि आमचा बेडरूमचा एसी रुसून बसलाय. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट आहे, सहावं वर्ष, वॉरंटी केव्हाच संपली. लावला की अर्धा पाऊण तास मस्त चालतो, मग आतला वारा कमी कमी होत जातो, डावीकडून चिर्र चिर्र आवाज येतो आणि शेवटी ब्लोअर थांबतोच, दिवा मिचमिचायला लागतो. अर्धा तास बंद ठेवला की परत शहाण्यासारखा सुरू. परवा फिल्टर धुवायला झाकण उघडलं तर कॉइलवर, म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्यांच्या जाळीवर, चक्क पांढरा बर्फ.

पहिल्या मेकॅनिकने बाहेरच्या युनिटला गॅसचं प्रेशर मोजायचं गेज लावलं, गॅस कमी आहे म्हणाला, २,८०० घेऊन गॅस टाकला. दोन दिवसांनी तेच रडगाणं. दुसरा आला त्याने झाकणसुद्धा उघडलं नाही, दिवा बघूनच सांगितलं पीसीबी गेला, ७,५०० होतील. घरी सासूबाई आहेत ८१ वर्षांच्या, सध्या माळ्यावरचा जुना कूलर काढून भागवतोय. देऊ का पैसे?

पक्कड
ताई थांबा, पीसीबी नंतर. तुम्ही स्वतःच लिहिलंय की आधी आवाज येतो आणि मग थांबतो. बोर्ड चिर्र चिर्र करत नाही, फिरणारी वस्तू करते.

एमसीबी, म्हणजे भिंतीवरच्या डबीतला एसीचा मेन स्विच, बंद करा, नुसता रिमोटने नाही, दहा मिनिटं जाऊ द्या. मग फ्लॅप हळूच खाली करून आतला लांबट ब्लोअर पेन्सिलच्या मागच्या टोकाने ढकलून बघा. किंचित अडखळल्यासारखं लागेल, मोटरमध्ये मॅग्नेट असतो त्यामुळे, ते चालतं. पण ढकलल्यावर थोडा तरी स्वतःहून फिरत राहिला पाहिजे. जागच्या जागी थांबला किंवा घासल्याचा आवाज आला तर एकतर मोटरचं बेअरिंग नाहीतर ब्लोअरचं दुसरं टोक ज्यात फिरतं ते रबरी बुश. बहुतेक युनिटमध्ये मोटर उजवीकडे असते आणि बुश डावीकडे, आणि तुमचा आवाज डावीकडचाच आहे. ही टेस्ट एसी थांबल्या थांबल्या करा, म्हणजे एमसीबी बंद करून ती दहा मिनिटं झाली की लगेच, गार झाल्यावर कदाचित मोकळा फिरेल आणि तुम्ही फसाल.

दिवा का मिचमिचतो, तर मोटर दर फेरीला बोर्डाला सिग्नल पाठवते, तो आला नाही की बोर्ड मोटर बंद करून एरर दाखवतो. म्हणजे बोर्ड बिचारा तक्रार करतोय आणि हा माणूस त्यालाच बदलायला निघालाय.

दीडटनी
आमच्याकडे असंच झालेलं, कपॅसिटर (मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग) गेलेला निघाला, १५० रुपयांत काम. घूं घूं करायचा आणि बोटाने ढकललं की सुरू व्हायचा. तेवढं बघा आधी.

पक्कड
तुमचा जुना साधा एसी असणार, त्यात मोटरला एक दीड मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असतो आणि तो गेला की हीच लक्षणं. पण इन्व्हर्टरमध्ये आत बहुतेक पाच वायरींची डीसी मोटर असते, तिला तो कपॅसिटर नसतोच. आणि हो, त्या पाचातल्या एका वायरीत साधारण ३१० व्होल्ट डीसी असतो, बाकीच्या पंधराच्या आत, त्यामुळे यूट्यूब बघून कुणी मीटर खुपसू नका. मोटरचा प्लग चालू असताना ओढायचाही नाही, बोर्ड त्यानेच उडतो.

ठाणेकर काकू
गॅस भरला तो कशासाठी मग? २,८०० पाण्यातच गेले की हो.

पक्कड
काकू तेच लिहायचं राहिलं. वारा कमी झाला की कॉइलला खोलीतली उष्णता मिळत नाही, कॉइल गारठते, गेजवर प्रेशर खाली दिसतं आणि मेकॅनिक म्हणतो गॅस कमी. आधी वारा नीट आहे का बघायचं, मग गेज. आता उलट तुमच्यात गॅस जास्त झाला असेल ताई. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, पुढे कधीतरी सगळा काढून वजन करून भरून घ्या. आणि ब्लोअर थांबल्यावर एसी तसाच चालू ठेवू नका, बर्फ धरलेल्या कॉइलमधून गॅस वायू न होता द्रवरूपातच कॉम्प्रेसरकडे गेला तर खर्चाचा आकडा वेगळाच असेल.

सावलीच्या शोधात
अपडेट देते. काल रात्री थांबल्यावर पेन्सिलने ढकललं, अर्धा फेरासुद्धा नाही फिरला, आणि तोच आवाज. आज तिसरा मेकॅनिक बोलावला, त्याला पेन्सिलची गोष्ट सांगितली तर आधी हसला मग कॉइल डावीकडून जरा उचलून बुश काढून हातात दिलं. रबर उडदाच्या पापडासारखं कडक, आतलं भोक लांबट झालेलं, आणि काळी भुकटी बोटाला. ब्लोअरच्या पात्यांत एवढी धूळ होती की वजनच वाढलं असेल, ती पण धुतली. बुश, धुलाई आणि मजुरी मिळून ९०० घेतले. तीन तास झाले, सलग चालू आहे, आवाज नाही, बर्फ नाही. सासूबाई चादर मागताहेत.

फक्त एक, आता डाव्या कोपऱ्यातून भिंतीवर पाणी ठिबकतंय. आधी हे नव्हतं बाप्पा.

पक्कड
कॉइल उचलली ना, खालचा ड्रेन ट्रे नीट बसवला नाही त्याने, किंवा धुतलेली धूळ ड्रेनच्या पाइपात अडकलीये. एसी बंद करा आणि त्यालाच फोन करा, वेगळे पैसे देऊ नका.