रशियन की लॅटिन? बारावीनंतर सीमाभागातल्या पोरांनी कुठली धरावी

टिळकवाडीकर
आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडची पोरं मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी घेऊनच बारावी होतात. पाचवी भाषा धरायची तर माझं मत लॅटिनला. शाळेत संस्कृत झालेल्याला ती निम्मी ओळखीची. संस्कृतच्या आठ विभक्ती तिथं सहावर येतात, द्विवचन नाही. अॅब्लेटिव्ह ही विभक्ती एकटी तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी उचलते. आघातालाही, म्हणजे शब्दात कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा त्यालाही, नियम आहे: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर त्यावर, नाहीतर तिसऱ्यावर. रशियनमध्ये आघात कुठंही पडतो. ज़ामक म्हणजे किल्ला, ज़मोक म्हणजे कुलूप, लिहिताना दोन्ही एकच.

निपाणीचा मास्तर
आघाताचं कबूल. पण विभक्तीची भीती रशियनला लावू नका, साहेब. रूच्का म्हणजे पेन. 'पेनानं लिहितो' म्हणजे 'पिशू रूच्कय'. 'नव्या पेनानं' म्हणताना आपण 'नवं'चं 'नव्या' करतोच, ते 'नोवय रूच्कय' करतात. सामान्यरूप ज्याच्या जिभेवर आहे त्यानं यात काय दचकायचं? फरक एवढाच, की आपला 'नं' सगळ्यांना चालतो, तिथं लिंग बघावं लागतं. पेन्सिल पुल्लिंगी, म्हणून 'करन्दशोम'. आणि 'तो डॉक्टर आहे' याला 'ओन व्राच', मध्ये क्रियापदच नाही. 'अवनु डॉक्टर' रोज ऐकणाऱ्या बेळगावकराला हे शिकवायला नको.

अडतं ते क्रियापदात. बहुतेकांची जोडी असते: पिसात् म्हणजे लिहीत असणं, नपिसात् म्हणजे लिहून पुरं करणं. दुसऱ्याला वर्तमानाचे प्रत्यय लावले की भविष्य होतं: 'नपिशू' म्हणजे 'लिहीन'. काही जोड्यांत तर धातूच वेगळा, गवरीत् आणि स्कज़ात्. त्यावर जाण्याची क्रियापदं. खानापूरहून बेळगावला रोज अप-डाउन करणारा 'येज़्दीत्' वापरणार, आत्ता बसमध्ये बसून निघालेला 'येखात्', आणि पायी असेल तर दोन्ही बदलून खदीत् आणि इत्ती. सुटी क्रियापदं पाठ करणारा इथंच गळतो. जोडी एका ओळीत, आघाताची खूण करून लिहा. छापील मजकुरात ही खूण नसते, शब्दकोशात असते.

शहापूरची ताई
मेडिकलला रशियाला जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमाप्रमाणे किमान 54 महिन्यांचा कोर्स, वर 12 महिने इंटर्नशिप तिथंच, शिकवणं इंग्रजीत. पण वॉर्डातला पेशंट इंग्रजीत कण्हत नाही. पहिल्या पातळीच्या सरकारी रशियन परीक्षेला साधारण 2300 शब्द धरतात. पेशंटची विचारपूस त्याच्या आत भागत नाही. शिवाय केसपेपर हाताचे. हातातला 'त' इंग्रजी एमसारखा, 'द' जीसारखा. छापील 33 अक्षरं आठवड्यात येतात, हातची वळणं वेगळी गिरवावी लागतात.

टिळकवाडीकर
डॉक्टरकीच म्हणता, तर अॅनाटॉमीत लॅटिनशिवाय कसं? एक्स्टेन्सर डिजिटोरम आणि एक्स्टेन्सर डिजिटी मिनिमी हे हाताचे दोन स्नायू. पहिल्यात षष्ठीचं अनेकवचन, म्हणजे बोटांचा. दुसऱ्यात एकवचन, फक्त करंगळीचा. ही नावं घोकून पार पडत नाहीत.

निपाणीचा मास्तर
होय की. पण त्याला नामांच्या पहिल्या तीन गणांची षष्ठी बहुतेक पुरते: एकवचनी ए, ई, इस, अनेकवचनी आरुम, ओरुम, उम. पंधरवड्याचं काम. तेवढ्यासाठी चार क्रियापदगण आणि सब्जंक्टिव्ह (इच्छा-शक्यतेची क्रियापदरूपं) कशाला? वनस्पतिशास्त्रानंसुद्धा 2012 पासून नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं ही सक्ती काढली, इंग्रजीही चालतं.

चोर्ल्याचा वाटसरू
तुम्ही दोघं भांडा. गोवा दोन-तीन तासांवर आहे, पणजीच्या जुन्या दफ्तरांत पोर्तुगीज कागद ढिगानं. पोर्तुगीजच धरा की, त्या भाषेत नामांच्या विभक्ती उरलेल्याच नाहीत.

टिळकवाडीकर
नामांच्या नाहीत, पण क्रियापदं? लॅटिन आलेल्याला ती अर्धी सुटलेली असतात.

शहापूरची ताई
सुटतील, पण पोर्तुगीजसाठी आधी लॅटिन म्हणजे पणजीला हुबळीवरून जाणं. नर्सिंगच्या मुलींचंही बघा: जर्मनीत नोंदणीला साधारण बी-2 पातळीचं (मध्यमाच्या वरचं) जर्मन लागतं. विभक्ती चारच, लिंगं मराठीसारखी तीन, आणि गौण वाक्यात क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच.

निपाणीचा मास्तर
जर्मनला माझी हरकत नाही. रशियन घेणाऱ्यांनी मात्र मृदू व्यंजन पहिल्या महिन्यात नीट करून घ्यावं. ब्रात म्हणजे भाऊ, ब्रात् (पाय मोडलेला 'त्' मृदू) म्हणजे घेणं. आपली पोरं दुसऱ्याचं 'ब्रात्य' करतात. 'य' जोडायचा नाही. 'त' म्हणतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलायचा. 'च'चा एक फायदा आहे: 'चाक'मधला आणि 'चहा'मधला असे दोन्ही आपल्याकडे आहेत, रशियनलाही दोन्ही लागतात. उच्चाराची एवढी शिदोरी लॅटिनवाल्यांना कुठं मिळते, टिळकवाडीकर?