प्लंकेटला नुसता प्रेमवीर करून ठेवू नका

डब्लिनकर: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "१९१६चा आयरिश उठाव म्हणजे कवींची मरायची हौस. जोसेफ प्लंकेट तर लग्न लावून गोळी खायला गेला." डोकं फिरलं, म्हणून हा धागा. अहो, इंग्रजांविरुद्धच्या त्या उठावाचा लष्करी आराखडा बहुतांशी याच माणसाचा! १९१५ साली गुपचूप जर्मनीला जाऊन शस्त्रं मागितली. २०,००० रायफली निघाल्याही. जहाज पकडलं गेलं आणि कप्तानानेच ते बुडवलं. वर आयरिश स्वयंसेवकांचा प्रमुख मॅकनील, त्याने रविवारच्या पेपरात त्या दिवशीच्या कवायती (ज्यांच्या आडून उठाव व्हायचा होता) रद्द केल्याचं छापलं. सोमवारी ठरल्यापेक्षा कितीतरी कमी माणसं आली. यात हौस कुठे दिसली?

माळरान: तो मीच. रद्द झाल्यावरही दुसऱ्या दिवशी बाहेर पडले, ही हौस नाही तर काय? उठावाचा पुढारी पीअर्स तर रक्तपाताने शुद्धी होते असं लिहीतच होता. मेले ४८५च्या आसपास, त्यात निम्म्याहून जास्त साधे नागरिक. त्यांना कुणी विचारलं होतं?

गावठी_वैद्य: माझ्या मावशीला गंडमाळा होत्या. मान उघडून पू काढला की उशीला टेकता यायचं नाही, पेज चमच्याने भरवायचो. प्लंकेटचं हेच दुखणं. ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी गळ्याला पट्ट्या गुंडाळून डब्लिनच्या मोठ्या पोस्टात, म्हणजे बंडवाल्यांच्या मुख्य ठाण्यावर हजर.

माळरान: मग माझंच खरं. तसाही मरणारच होता, बाकीच्यांना कशाला सोबत न्यायचं?

गावठी_वैद्य: जीभ आवरा.

सईची_आई: आणि प्लंकेटची बायको ग्रेस गिफर्ड? ३ मेच्या रात्री किल्मेनम तुरुंगाच्या चॅपलमध्ये संगिनींच्या पहाऱ्यात लग्न, पहाटे नवऱ्याला गोळ्या. एवढंच सगळ्यांना पाठ. त्याच ३ तारखेला पहाटे तिची बहीण म्युरिएल विधवा झालेली. नवरा मॅकडोना, उठावातलाच, तोही कवीच. ग्रेस व्यंगचित्रकार होती हो! १९२३ मध्ये ती पुन्हा त्याच तुरुंगात, आणि डांबणारे इंग्रज नव्हेत, यादवीच्या काळातलं नवं आयरिश सरकार. कोठडीच्या भिंतीवर तिने मडोना, म्हणजे येशूची आई मेरी, रंगवली.

डब्लिनकर: ताई, विषय प्लंकेटचा आहे.

सईची_आई: तुमचा असेल. आमच्या आजेसासूबाई बेचाळीसला तुरुंगात होत्या. दिवाणखान्यात हार मात्र आजेसासऱ्यांच्या फोटोला. ते तेव्हा इमानेइतबारे कचेरीत जात होते!

माळरान: ग्रेसचं मान्य, ताई. रायफली पोचल्या असत्या तर 'हौशी' हा शब्दही मागे घेतला असता. पण गुलाबात ख्रिस्ताचं रक्त दिसणारी ती प्लंकेटची कविता काही आपल्याला झेपत नाही.

डब्लिनकर: तुम्हाला वाचायला कुणी सांगितली होती?