आरएक्स १०० चोक बंद केला की बंद पडते, कार्बोरेटर कसा साफ करू?

मानेवाडा_आरएक्स
नमस्कार मंडळी, बाबांची ९४ ची यामाहा आरएक्स १०० बाईक आहे, पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता चोकवर सुरू होते पण चोक बंद केला की थोड्या वेळात बंद पडून राहिली. रेस दिली तर मस्त ओढते, पण व्हरायटी चौकाच्या सिग्नलला थ्रॉटल सोडला की गेली. एका गॅरेजवाल्याने बाजूचा स्क्रू फिरवून दिला, एक दिवस ठीक अन् परत तेच. पाने-पेचकस घरी आहेत, कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) मीच खोलतो म्हणतो. त्यातले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे पितळी तुकडे) बदलू का नुसते साफ करू? अन् तो स्क्रू किती फिरवायचा? बाबांचा जीव आहे गाडीवर, काही बिघडायला नको.

इतवारी_टूस्ट्रोक
भाऊ, वर ओढते अन् स्लोवर मरते म्हणजे मेन जेट ठीक आहे, स्लोवर पेट्रोल देणारा पायलट जेट चोंदलाय. चोकने जास्तीचं पेट्रोल मिळतं म्हणून तेवढ्यापुरती टिकते. जेट बदलू नको, आधी साफ कर, चोंदलेल्या जेटवर स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

पेट्रोलचा कॉक बंद कर, कार्बोरेटर काढ, खालची कटोरी उघड. तिचे स्क्रू नरम असतात, बरोबर मापाचा पेचकस दाबून धर, नाहीतर डोकी खराब होतात. पायलट जेट म्हणजे मधल्या मोठ्या जेटच्या बाजूचा बारका पितळी जेट, तो काढून उजेडाकडे धरून पाहा, भोकातून गोल उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेव अन् पंक्चरवाल्याकडे हवा मार, बॉडीतल्या बारक्या वाटांमधूनही मार, पण आधी फ्लोट (कटोरीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग) अन् त्याची पिन काढून ठेव. तार किंवा सुई अजिबात घालायची नाही, पितळ नरम असतं, भोक थोडं जरी मोठं झालं तरी तो जेट कायमचा गेला!

जोडताना स्लाइडची (थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या नळकांड्याची) खाच बॉडीतल्या पिनवर बसली पाहिजे अन् कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. उलटी बसली तर रेस उतरणारच नाही.

प्रतापनगर_गॅरेज
वरचं सगळं बरोबर. स्क्रूचं सांगतो, कारण इथेच लोक गोंधळतात. आरएक्सवर तो एअर स्क्रू आहे, बाहेर काढला की हवा वाढते म्हणजे मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी), आत घेतला की रिच (पेट्रोल जास्त). कित्येक फोर स्ट्रोकला मात्र इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो, तिथे बरोब्बर उलटं, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ बघून फिरवू नको. हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, इंजिन चांगलं गरम झाल्यावर पाव-पाव फेरा फिरवून जिथे रेस सगळ्यात वर जाते तिथे सोड अन् मग स्लोच्या स्क्रूने रेस खाली घे.

साफ करूनही थ्रॉटल सोडल्यावर रेस वरच लटकत असेल तर कार्बोरेटर अन् इंजिनमधलं मॅनिफोल्डचं रबर बघ, जुन्या गाड्यांत तडकतं अन् तिथून हवा खेचते. आरएक्ससारखं टू स्ट्रोक इंजिन लीन चालवू नकोस, वर्धा रोडवर उन्हात लांब ताणलीस तर पिस्टन जाम होईल.

मानेवाडा_आरएक्स
खोलला भाऊ! कटोरीच्या तळाला पिवळट चिकट थर अन् त्याखाली पाण्याचे थेंब. पायलट जेटमधून काहीच दिसत नव्हतं, रात्रभर भिजवून हवा मारली तर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. आता चोकशिवाय स्लोवर उभी राहते, सिग्नलला बंद पडत नाही. स्क्रू दीडच्या थोडा आत आहे. खूप आभार. ते पाणी कुठून आलं असेल?

इतवारी_टूस्ट्रोक
वा, काम झालं! पाणी बहुतेक पेट्रोलमधलंच, आता २० टक्के इथेनॉल असतं ना, ते दमट हवेतली ओल खेचतं अन् गाडी उभी राहिली की खाली बसतं. टाकीही एकदा रिकामी करून बघ, कॉकची जाळी साफ कर. पुढे महिनाभर उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कटोरीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेव.

अन् थ्रॉटल केबलसोबत ऑइल पंपाची केबलही तपास, ढिली राहिली तर ऑइल कमी जातं. थोडी फिरवून आण अन् स्पार्क प्लग काढून बघ, तपकिरी असेल तर बरोबर, पांढरा पडला तर एअर स्क्रू पाव फेरा आत. मे मध्ये सेट केलेली गाडी डिसेंबरच्या थंड हवेत थोडी लीन होते, म्हणून थंडीत परत एकदा बघून घे.