आईच्या कौटुंबिक निवृत्तिवेतनासाठी खासदारांना पत्र द्यावे का?

प्रश्न : सभासद, सिन्नर तालुका

सर्वांना नमस्कार. माझे वडील पायदळातून हवालदार पदावरून निवृत्त झाले होते आणि गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. लग्नाची नोंद पलटणीत करताना त्यांनी आईचे माहेरचे नाव लिहून दिले होते. आधार, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक यांवर मात्र सासरी ठेवलेले नाव आहे. वडील हयात असताना ही तफावत कोणाच्याच लक्षात आली नाही आणि आज तीच आईच्या फॅमिली पेन्शनच्या आड आली आहे.

अर्ज करून ११ महिने झाले. सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे अभिलेख कार्यालय सांगते की कागद पेन्शन कार्यालयाकडे गेले आहेत, आणि तेथून कळवतात की नावदुरुस्ती आधी अभिलेख कार्यालयाने करून पाठवली पाहिजे. त्याच कागदांच्या सत्यप्रती मी तीन वेळा पाठवल्या आहेत. गावातील काही जण आमदारांकडे जा म्हणतात, तर काही खासदारांकडे. माझा धाकटा भाऊ सध्या सैन्यात आहे आणि आमच्या पत्रामुळे त्याच्या नोकरीवर ठपका येईल, या भीतीने आई सहीच करायला तयार नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प

ताई, सर्वप्रथम आईंची भीती दूर करा. सेवेतील जवानाने स्वतःच्या नोकरीविषयी राजकीय व्यक्तीकडून दबाव आणणे शिस्तीत बसत नाही. त्याच्या तक्रारीसाठी सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम २६ चा वेगळा मार्ग आहे. आपल्या आई मात्र सेवेत नाहीत. त्या एका दिवंगत सैनिकाच्या पत्नी आणि या देशाच्या नागरिक आहेत, आणि आपल्या खासदाराकडे गाऱ्हाणे मांडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. म्हणून अर्ज त्यांच्याच नावाने आणि त्यांच्याच सहीने असावा, व त्यात भावाचे नाव, नंबर किंवा पलटण यांचा उल्लेख कोठेही नसावा.

संरक्षण हा केंद्राचा विषय असल्याने पत्र खासदारांनाच द्यावे. सिन्नर नाशिक लोकसभा मतदारसंघात येते. परंतु हे वाचणारे कोणी निफाड किंवा येवल्याचे असतील तर त्यांचा मतदारसंघ दिंडोरी, आणि मालेगाव किंवा बागलाणचे असतील तर धुळे. आपल्याच जिल्ह्यात चुकीच्या दारी महिनोन्‌महिने खेटे घातलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तसेच तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिक रोडला आहे म्हणून सर्वच सैनिकांची कामे तेथे होतात, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्येक रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय वेगळे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे. पत्रात योग्य कार्यालयाचे नाव असलेच पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. खासदार अभिलेख कार्यालयाला हुकूम देऊ शकत नाहीत; ते उत्तर मागू शकतात. त्यामुळे ‘आम्हाला न्याय मिळवून द्यावा’ एवढेच लिहिले, तर ते पत्र पुढे पाठवले जाते आणि ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असा शेरा घेऊन परत येते. आपण एकच नेमकी मागणी करा : नावदुरुस्तीसाठी कोणता कागद कमी आहे ते अभिलेख कार्यालयाने लेखी कळवावे, आणि काहीच कमी नसेल तर दुरुस्ती पेन्शन कार्यालयाकडे कोणत्या तारखेपर्यंत पाठवणार ते सांगावे. वडिलांचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव, रेजिमेंट, पीपीओ (निवृत्तिवेतन देण्याचा आदेश) क्रमांक आणि निधनाची तारीख सुरुवातीलाच लिहा. अर्ज एका पानाचा असू द्या.

उत्तर : एक सैनिकपत्नी, जेल रोड

माझ्याही बाबतीत नावाचाच घोळ होता. मी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले, शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतला आणि सर्व कागद त्या कार्यालयाच्या शिफारशीसह पाठवले. खासदारांचे पत्र त्यानंतर गेले. पत्राने काम हलले हे खरे आहे, पण कागद पूर्ण होते म्हणूनच ते हलू शकले, असे मला मनापासून वाटते.

उत्तर : वकील, नाशिक रोड

सुभेदार साहेबांशी मी सहमत आहे, फक्त क्रम थोडा बदलावा असे सुचवतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली आईंच्या नावाने आधी अर्ज करावा आणि त्यांचा मूळ अर्ज आज कोणाकडे, कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारावे. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. हे उत्तर हाती असले की खासदारांच्या कार्यालयाला पत्र कोणाच्या नावे लिहायचे ते नक्की कळते. खासदारांच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत उत्तर द्यावे, अशा केंद्राच्या कार्मिक विभागाच्या सूचना आहेत. म्हणून खासदारांच्या पत्राची एक प्रत आपल्याकडे अवश्य मागून घ्या आणि तारीख लिहून ठेवा. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई येथील खंडपीठ आहे. तेथे आधी केलेल्या प्रयत्नांचे हेच कागद उपयोगी पडतील. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. कौटुंबिक निवृत्तिवेतन निधनाच्या दुसऱ्या दिवसापासून देय असते आणि मंजुरीनंतर थकबाकी मिळते, हे आईंना आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. सुभेदार काकांचे उत्तर आईला वाचून दाखवले, तेव्हा ती सही करायला तयार झाली. काल वडिलांची ट्रंक उघडली. त्यात निवृत्तीच्या वेळी काढलेला दोघांचा जोडफोटो सापडला. त्यावर अधिकाऱ्याची सही व शिक्का आहे आणि खाली आईचे माहेरचे नाव लिहिले आहे. तो प्रतिज्ञापत्राला जोडणार आहे. सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात जाते, माहिती अधिकाराचा अर्ज त्याच दिवशी टपालात टाकते, आणि त्याचे उत्तर आले की खासदारांसाठीच्या पत्राचा मसुदा येथे दाखवते.