बालेर : डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये वसलेल्या फिलिपिनी गावाचा इतिहास व कारभार

सागरिका (प्रश्न) :
आमच्या वाचनगटात सध्या स्पॅनिश साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांवर चर्चा चालू आहे. फिलिपिन्समधील बालेर या किनारी गावात पन्नासेक स्पॅनिश सैनिक १८९८-९९ मध्ये जवळजवळ अकरा महिने चर्चमध्ये अडकून पडले होते, आणि स्पेनने तह करून फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केल्यानंतरही ते लढत राहिले, हे त्यात प्रथमच कळले. लिहिणाऱ्यांचे सारे लक्ष त्या सैनिकांवर असते. मला मात्र गावाविषयी जाणून घ्यायचे आहे. युद्ध संपल्याची बातमी तिथे पोहोचलीच नाही, इतके ते गाव आडबाजूला होते का? वेढ्याच्या आधी तिथे काय होते, आणि आज त्याचा कारभार कसा चालतो? माहितगारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दर्याकाठ :
सागरिकाताई, बालेर समजून घ्यायचे तर आधी नकाशा समोर ठेवावा लागतो. लुझोन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, मनिलापासून सुमारे २३० किलोमीटरवर हे गाव आहे. पाठीशी सिएरा माद्रे ही देशातील सर्वांत लांब डोंगररांग आहे, पुढ्यात बालेरचा उपसागर आणि त्यापलीकडे अडसर नसलेला प्रशांत महासागर. मनिला पश्चिम किनाऱ्यावर असल्यामुळे स्पॅनिश काळातील व्यापार आणि टपाल बव्हंशी डोंगराच्या त्या बाजूलाच फिरत राहिले. ईशान्येचे वारे वाहू लागले की मनिलात कोरडे दिवस सुरू होतात, पण बालेरमध्ये त्याच सुमारास पाऊस पडतो आणि समुद्र खवळतो, त्यामुळे जहाजाने येणेही अवघड होत असे. (आज त्याच लाटांवर स्वार होण्यासाठी साबांगच्या किनाऱ्यावर देशभरातून सर्फिंग करणारे तरुण जमतात.)

फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांनी १६०९ मध्ये इथे ठाणे वसवले. ती पहिली वस्ती समुद्राला अगदी लागून होती. २७ डिसेंबर १७३५ रोजी प्रचंड लाट आली आणि गाव वाहून गेले. जवळच्या एर्मिता टेकडीवर जे चढू शकले तेवढेच वाचले. अशी सात कुटुंबे होती, असे गावची परंपरा सांगते, आणि त्यांची आडनावे तिथे आजही सांगितली जातात. त्यानंतर गाव किनाऱ्यापासून जरा आत, आजच्या जागी वसले. मला हा प्रसंग वेढ्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बालेरचे लोक स्वतःला त्या वाचलेल्या कुटुंबांचे वंशज मानतात.

आडबाजूला असण्याचा त्रास प्रशासनातही होता. १९०२ मध्ये हा भाग नुएवा एसिहा प्रांतातून काढून तायाबास प्रांताला जोडला गेला. तायाबासची राजधानी लुसेना ही लुझोनच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे बालेरच्या माणसाला सरकारी कामासाठी दुसऱ्या प्रांतांतून वळसा घालून तिथे जावे लागे. देशाचे कॉमनवेल्थ काळातील (म्हणजे अमेरिकेच्या छत्राखालील स्वशासनाच्या काळातील) पहिले राष्ट्राध्यक्ष मानुएल केझॉन यांचा जन्म १९ ऑगस्ट १८७८ रोजी बालेरचाच, आणि १९४६ मध्ये तायाबास प्रांताला त्यांचेच नाव मिळाले, पण गावाची गैरसोय तशीच राहिली. १९५१ मध्ये ऑरोरा हा उपप्रांत झाला आणि १९७९ मध्ये तो स्वतंत्र प्रांत झाला; तेव्हा कुठे बालेर हे राजधानीचे गाव ठरले. प्रांताचे नाव केझॉन यांच्या पत्नी ऑरोरा यांच्यावरून आहे, त्याही बालेरच्याच. २८ एप्रिल १९४९ रोजी बालेरमधील रुग्णालयाच्या उद्घाटनाला येत असताना बोंगाबोनकडून येणाऱ्या डोंगरातील रस्त्यावर दबा धरून बसलेल्या सशस्त्र टोळीने त्यांची हत्या केली, त्यांच्यासोबत मुलगी आणि जावईही मारले गेले.

वैनतेय :
दर्याकाठ यांनी भूगोल नेमका मांडला आहे. बातमीच्या प्रश्नावर मात्र एक दुरुस्ती आवश्यक आहे : बातमी पोहोचली होती, तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही.

१८९७ च्या ऑक्टोबरमध्येच तेओदोरिको लुना नोव्हिसियो यांच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या फिलिपिनी क्रांतिकारकांनी बालेरमधील स्पॅनिश तुकडीवर हल्ला केला होता. १८९८ च्या जूनअखेर गावकरी घरेदारे सोडून निघून गेले, तेव्हाच शिबंदीने काय ते ओळखले. १ जुलैपासून सैनिक चर्चमध्ये कोंडले गेले. जाड दगडी भिंतींची, बंदोबस्त करण्याजोगी ती गावातील एकमेव इमारत होती. आवारात विहीर खणून त्यांनी पाण्याची सोय केली. रसद मात्र कुजत गेली. ताजे अन्न नसल्यामुळे बेरीबेरीने माणसे सुजून मरू लागली, आणि कॅप्टन दे लास मोरेनास व लेफ्टनंट आलोन्सो हे दोन्ही वरिष्ठ अधिकारी त्या वर्षाच्या अखेरपर्यंत गेले. उरली सूत्रे लेफ्टनंट मार्तिन सेरेसो यांच्याकडे आली.

१० डिसेंबर १८९८ रोजी स्पेन आणि अमेरिका यांच्यात पॅरिसचा तह झाला, तेव्हा इकडे वेढा चालूच होता. जासूद, पत्रे, वर्तमानपत्रे, शेवटी खुद्द स्पॅनिश अधिकारी येऊन समजावून गेले, तरी सेरेसो यांना हे सारे शत्रूचे डाव वाटले. मागे ठेवलेल्या एका वर्तमानपत्रात आपल्या ओळखीच्या अधिकाऱ्याच्या बदलीची बारीकशी बातमी त्यांनी वाचली. ती कुणाला रचता येणे शक्य नव्हते. २ जून १८९९ रोजी, ३३७ दिवसांनी, शरणागती झाली. फिलिपिनी क्रांतिकारकांचे राष्ट्राध्यक्ष आगिनाल्दो यांनी ३० जूनच्या आदेशाने त्यांना युद्धकैदी न मानता मित्र मानून मायदेशी जाऊ द्यावे असे फर्मावले, आणि २००३ च्या कायद्याने ३० जून हा दिवस फिलिपिनी-स्पॅनिश मैत्री दिन ठरला. हा कायदा करण्यात पुढाकार घेणारे सिनेटर एदगार्दो आंगारा मूळचे बालेरचेच.

मला खटकते ते एवढेच की डिसेंबरमध्ये शिबंदीने बाहेर पडून चर्चभोवतीची घरे जाळली, ही बाब शौर्यकथांच्या ओघात एका वाक्यात उरकली जाते. त्या धाडीमुळे वेढ्याची फळी मागे हटली, सैनिकांना हिरवा पाला आणि फळे मिळून आजार आटोक्यात आला, हे खरे. पण जळाली ती गावकऱ्यांची घरे होती. सोडून गेलेले लोक त्या पावसाळ्यात कुठे राहिले, त्यांच्या शेतीचे काय झाले, हे विचारल्याशिवाय वेढ्याचा इतिहास पुरा होत नाही.

निवृत्त ग्रामसेवक :
कारभाराविषयी मी लिहितो. बालेर ही आजही कायद्याच्या दृष्टीने नगरपालिकाच आहे, राजधानी असूनही शहराचा दर्जा नाही. तिच्या हद्दीत १३ बारांगाय आहेत : गावठाणाचे पाच पोब्लासियोन, आणि बुहांगिन, कालाबुआनान, ओब्लिगासियोन, पिंगित, रेसेर्वा, साबांग, सुक्लायिन व झाबाली. बारांगाय म्हणजे आपल्याकडील ग्रामपंचायतीच्या जवळपासचा, सर्वांत खालचा स्तर. फरक हा की तिथे शहरांचे विभागही बारांगायच असतात.

१९९१ च्या स्थानिक स्वराज्य संहितेनुसार मेयर आणि उपमेयर हे दोघेही जनतेतून, पण वेगवेगळ्या मतांनी निवडले जातात. त्यामुळे ते परस्परविरोधी गटांचेही असू शकतात. नगरमंडळाच्या सभेचे अध्यक्षस्थान उपमेयरकडे असते, मेयरकडे नाही. आपल्याकडे उपनगराध्यक्ष नगरसेवकांतून येतो, म्हणून ही रचना प्रथम वाचताना गोंधळ होतो. मंडळात थेट निवडून आलेले आठ सदस्य असतात, शिवाय बारांगायप्रमुखांच्या संघाचा आणि युवा मंडळांच्या संघाचा अध्यक्ष पदसिद्ध असतो. कार्यकाळ तीन वर्षांचा, सलग तीनदाच.

बारांगायप्रमुखाच्या जोडीला सात सदस्य आणि एक युवा प्रतिनिधी असतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती तंटा मिटवण्याची व्यवस्था. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील बांध, उसनवारी किंवा किरकोळ मारहाणीचे अनेक वाद न्यायालयात नेण्यापूर्वी बारांगायप्रमुखापुढे आणि गावातील मध्यस्थांपुढे आणावे लागतात. तडजोड न झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. तंटामुक्तीसाठी महाराष्ट्रातही गावोगाव समित्या झाल्या, पण फिलिपिन्समध्ये ही पायरी कायद्याने बंधनकारक आहे.

किनाऱ्यावरील गावासाठी आणखी एक अधिकार महत्त्वाचा आहे. १९९८ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी नगरपालिकेच्या अखत्यारीत दिले आणि तिथे लहान होड्यांच्या मच्छीमारांना प्राधान्य दिले. तीन टनांवरील व्यापारी बोटींवर त्या पट्ट्यात कडक बंधने आहेत, आणि त्यांना न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे.

सागरिका :
तिन्ही प्रतिसादांसाठी मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न : सलग तीन कार्यकाळांची मर्यादा असताना एकच घराणे वर्षानुवर्षे सत्तेत राहते, असे फिलिपिन्सविषयी नेहमी वाचायला मिळते. बालेरमध्ये काय चित्र आहे?

निवृत्त ग्रामसेवक :
तेच चित्र बऱ्याच अंशी. ऑरोरा प्रांतात आंगारा घराण्यातील माणसे सिनेटर, प्रांताचे गव्हर्नर आणि बालेरचे मेयर अशा पदांवर राहिली आहेत. मर्यादा व्यक्तीला आहे, कुटुंबाला नाही. एकाचा काळ संपला की घरातील दुसरा उमेदवार उभा राहू शकतो. १९८७ च्या राज्यघटनेने राजकीय घराणेशाहीला मनाई केली, पण ‘कायद्यात व्याख्या केल्याप्रमाणे’ अशी अट घातली, आणि तशी सर्वसाधारण व्याख्या करणारा कायदा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, अद्याप केलेला नाही. युवा मंडळांपुरते मात्र २०१६ च्या सुधारणेने बंधन आले : पदावरील लोकप्रतिनिधींचे जवळचे नातेवाईक ती निवडणूक लढवू शकत नाहीत.